मेट्रिकियाच्या २० नव्या प्रजाती

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा किटकाची नवी प्रजाती 'सापडली' म्हणजे नेमके काय झाले, असे तू विचारले होतेस. ब्राझीलमधील एका कामाच्या आधारे ते सांगतो. २०१६ साली सांतोस, ताकिया आणि नेसिमियान या संशोधकांनी तेथील ओढ्यांकाठच्या मेट्रिकिया गटातील मायक्रोकॅडिसफ्लायच्या (अळीपणी पाण्यात राहणाऱ्या कॅडिसफ्लाय किटकांपैकी अगदी लहान किटकांच्या) २० नव्या प्रजातींचे वर्णन एकाच शोधनिबंधात प्रसिद्ध केले. मला हे काम फार मोलाचे वाटते.

हे किटक हायड्रॉप्टिलिडी कुळातले. कॅडिसफ्लायच्या सर्व कुळांत हे सर्वांत मोठे असून त्यातल्या २,००० हून अधिक प्रजाती आज ज्ञात आहेत, तरीही काही मिलिमीटरच्या या केसाळ, करड्या किटकांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यांच्या अळीचे आयुष्य मात्र विलक्षण असते. पहिल्या चार अवस्थांत ती पाण्यात घराविना वावरते. पाचव्या अवस्थेत तिचे पोट फुगते आणि ती स्वतःच्या रेशमाची चपटी पिशवी विणून तिच्यात राहू लागते. कित्येक प्रजातींच्या अळ्या शेवाळाच्या तंतूंना भोक पाडून आतला रस शोषतात.

पंखांवरून या प्रजाती ओळखणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे वर्णनाचा सारा भर नराच्या जननांगांवर असतो. पोटाचा भाग कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवला की स्नायू विरघळतात आणि कठीण भाग पारदर्शक होऊन उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली तो वरून, खालून आणि बाजूने पाहून प्रत्येक काटा, प्रत्येक वळण रेखाटायचे. छायाचित्रापेक्षा रेखाचित्रच येथे अधिक विश्वासाचे, असे माझे ठाम मत आहे, कारण कोणती रेषा महत्त्वाची हे चित्रकाराला आधी स्वतः समजून घ्यावे लागते. ब्राझीलच्या संशोधकांनी या निरीक्षणांच्या जोडीला सीओआय या, प्रजाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा क्रमही तपासला आणि त्यामुळे दिसण्यातला फरक हा खरोखर प्रजातींमधला आहे की एकाच प्रजातीतला, हे पडताळता आले.

एवढे झाल्यावर एक नमुना होलोटाइप म्हणून निवडून संग्रहालयात ठेवला जातो. नाव त्या एका नमुन्याशी कायमचे जोडलेले राहते, म्हणून पुढे शंका आली तर कोणालाही तोच पुन्हा काढून पाहता येतो. मला या शिस्तीचा मनापासून आदर वाटतो.

तू परवानगी घेऊन ओढ्याकाठी रात्री दिवा लावून पांढरा पडदा टांगणार असशील, तर पडद्यावर बसलेले बारीक किटक ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेव आणि ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच टाक. साधी शाई अल्कोहोलमध्ये पसरते, आणि चिठ्ठी नसलेल्या नमुन्यावर प्रजातीचे वर्णन उभे करता येत नाही.

तुझा स्नेहांकित मित्र