२२ गेजची तार

फैजपूर, रविवार दुपार

चि. पूनम हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अर्धा तास बोललीस आणि मी नुसतं हूं हूं केलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, आणि दोनपैकी कुठली नोकरी घेऊ या तुझ्या प्रश्नाला घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. आज दुकान बंद आहे. ऊन असं की कुत्रंसुद्धा ओट्याखालून निघत नाही. म्हणून कागद घेऊन बसलो.

एकीकडे वर्षाला ३४ लाख, कर्ज देणारं ॲप. दुसरीकडे १८ लाख, दवाखान्यांचं सॉफ्टवेअर. तुझी आई म्हणते, पोरीला जिथं बरं वाटेल तिथं जाऊ द्या. तिचं बरं आहे.

आधी पैशाचं बोलू, कारण आपल्या घरात त्याचीच लाज वाटते. ३४ मधले ६ लाखांचे शेअर आणि ४ लाख बोनस काढून ठेव. शेअर म्हटलं की आपल्या भागात लगेच अमळनेर निघतं. १९४५ ला तिथं वनस्पती तेलाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, आणि ज्यांनी शेअर सांभाळून ठेवले त्यांचं सोनं झालं. खरं आहे. पण अशा एका अमळनेरमागं किती कंपन्यांचे कागद रद्दीत गेले ते कोणी सांगत नाही. शेअर शून्य धर, बोनसही शून्य धर. तरी फरक ६ लाखांचा, म्हणजे टॅक्स कापायच्या आधी महिन्याला ५० हजार. याला जो थोडा म्हणेल त्याने कधी हप्ता भरलेला नाही.

आता तुला न सांगितलेली एक गोष्ट. हे दुकान टाकायच्या आधी मी एका मोठ्या रिवाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तांब्याची तार भरून देणाऱ्याकडे, कामाला होतो. बाकीचे महिन्याला १५०० द्यायचे, तो २२०० द्यायचा. तुझा दादा तेव्हा वर्षाचा. शेठ २२ गेजची तार सांगून २३ ची भरायला लावायचा. तारेचा नंबर, म्हणजे गेज, एकाने वाढला की तार बारीक होते आणि तांबं साधारण चौथा हिस्सा कमी लागतं. वरून वार्निश मारलं, भट्टीत वाळवलं की माझ्यासारख्यालाही नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. मोटर चालते. मे महिन्यात व्होल्टेज पडलं की बारीक तार तापते आणि जळते.

१९९४ च्या मे महिन्यात बामणोदकडचा एक शेतकरी मी भरलेली ५ एचपीची मोटर अकराव्या दिवशी बैलगाडीत घालून परत घेऊन आला. मृगबागेच्या केळीवर घड लटकलेले, त्यात चार दिवस पाण्याचा थेंब नाही. मोटर उघडली तर जळक्या वार्निशचा वास नाकात बसला. तो आम्हाला एक शब्द बोलला नाही. "लाइटच तशी आहे, तुम्ही तरी काय करणार," म्हणाला, आणि रिवाइंडिंगचे पैसे दुसऱ्यांदा मोजून दिले. वर मला चहा पाजला.

मी तिथून लगेच निघालो असं समजू नको. पुढे सात महिने तिथंच होतो. निघालो तेव्हा तुझ्या आईची पोत गहाण पडली, ती सोडवायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांचं मला कौतुक नाही, तिला तर मुळीच नाही.

म्हणून मी तुला चांगलं काम की चांगला पगार असं विचारत नाही. तूच मागे सांगितलं होतंस, की ॲपमध्ये गिऱ्हाइकाला न विचारता एखादी फी आधीच टिक करून ठेवायची, अशा १३ लबाड्यांवर सरकारने २०२३ मध्ये बंधनं घातली. त्या कर्जवाल्यांना सरळ विचार: ॲपमधल्या कुठल्या स्क्रीनचं काम माझ्याकडे येणार? फी कुठं दिसणार, केवढ्या अक्षरात? मुदतीआधी कर्ज फेडायचं बटण किती पानं आत आहे? नीट उत्तर दिलं तर खुशाल जा, माझी ना नाही. अडल्यानडल्याला कर्ज लागतंच, आणि आपल्याला पोतीवर कोणी दिलं नसतं तर हे दुकानही निघालं नसतं. पण "ते प्रॉडक्टवाले बघतील" असं म्हणाले, तर मला तो शेठ आठवतो.

दवाखान्यावाल्यांनाही देव्हाऱ्यात बसवू नको. समाजाचं काम म्हणत रात्री अकरापर्यंत बसवून घेणारे मी पाहिलेत. तू गेल्यागेल्या त्यांना "मला हेच काम करायचं होतं" म्हणालीस ना? तिथंच चार लाख गेले. २२ मागून बघ. २० म्हणाले तरी पुण्यात तुझं भागेल, घरभाडं जाऊन मागं पडेल.

आणि आम्हाला पाठवायचे म्हणून मोठा आकडा धरू नको. दुकानाचं कर्ज मार्चमध्ये फिटलं. दादाचं त्याचं चाललंय. तू महिन्याला पाठवतेस ते पैसे तुझी आई तुझ्याच नावाने पोस्टात टाकते. हे तिनं सांगू नको म्हटलं होतं.

उडदाचे पापड आणि कळण्याचं पीठ ट्रॅव्हल्सवाल्याकडे दिलंय. मंगळवारी सकाळी साडेसहाला वाकडला उतरवून घे, तो थांबत नाही.

तुझे
पप्पा