अक्षरं तीच म्हणून अर्थ तोच नसतो, कोड्याच्या उत्तरात अर्थही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लिश शब्दांचं ते कोडं येतं ना, पाच-सहा अक्षरं देता आणि सगळी वापरून जितके शब्द होतील तितके करा म्हणता, आमच्या घरी पेपर आला की पहिलं तेच पान उघडतं, बातम्या नंतर. मी आणि माझी भाची दोघं पेन्सिल घेऊन बसतो. ती आठवीत आहे आणि माझ्यापेक्षा फास्ट आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. तक्रार कोड्याबद्दल नाहीच, उत्तरांबद्दल आहे.

मागे एकदा अक्षरं होती ई, आय, एल, एन, एस, टी. लिसन, सायलेंट, एनलिस्ट आम्हाला सुचले, बाकीचे दोन दुसऱ्या रविवारी तुमच्या उत्तरात बघितले, इनलेट्स आणि टिन्सल. भाची म्हणाली मामा टिन्सल म्हणजे काय? मामा गप्प. तुमच्या उत्तरात नुसते शब्द, अर्थ एकाचाही नाही. मग डिक्शनरी काढली तेव्हा कळलं की टिन्सल म्हणजे सजावटीला लावतात त्या चमचमणाऱ्या पातळ झिरमिळ्या, आणि इनलेट म्हणजे किनाऱ्यातून आत घुसलेली समुद्राची चिंचोळी पट्टी, शिवाय मशीनमध्ये पाणी किंवा हवा आत जायचं तोंड असतं ते पण इनलेटच. एनलिस्ट म्हणजे सैन्यात भरती होणं एवढंच मला माहीत होतं, कुणाची मदत मिळवणं हाही त्याचा अर्थ आहे हे वयाच्या ह्या टप्प्यावर कळलं. दोन ओळी जास्त छापल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

उलट त्याच कोड्याखाली चौकट टाकून तुम्ही काय छापलंत, तर लिसन आणि सायलेंट ह्यांची अक्षरं एकच आहेत, म्हणजे ऐकायचं असेल तर गप्प बसा असं भाषाच आपल्याला सांगते. हे फॉरवर्ड मला मोबाईलवर इतक्या वेळा आलंय की आता बघितलं की राग येतो. अहो भाषा काही सांगत नाहीये. लिसन हा जुन्या इंग्लिशमधला शब्द, सायलेंट लॅटिनमधून आलेला, दोघांचं काही नातं नाही, अक्षरं जुळली हा निव्वळ योगायोग. (गंमत एवढीच की लिसनमधला टी स्वतःच सायलेंट असतो, ते छापलं असतं तर मी पण हसलो असतो.) आणि हाच नियम लावायचा तर टीचची अक्षरं फिरवली की चीट होतं, शिकवणारा फसवतो असं छापणार का तुम्ही? सँटाचा सेटन म्हणजे सैतान होतो. फ्युनरलमधून रिअल फन निघतं, म्हणजे अंत्ययात्रेत मजा शोधायची? आणि युनायटेड घ्या, त्यातले आय आणि टी एकमेकांच्या जागी ठेवले की अनटाइड होतं, एक म्हणजे एकत्र आलेले आणि दुसरं म्हणजे गाठ सुटलेली, अक्षरं सहाच्या सहा तीच आणि अर्थ बरोब्बर उलटा.

एकाच शब्दाचे अर्थसुद्धा कधीकधी वेगवेगळ्या घरचे असतात. अँगल म्हणजे कोन हा लॅटिनमधला, पण गळ टाकून मासे धरणं ह्या अर्थाचा अँगल जुन्या इंग्लिशमधल्या गळ ह्या शब्दावरून आलाय, आणि ह्याच अक्षरांचा एंजल तिसऱ्याच घरचा, ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ निरोप्या. चौथा ग्लीन, म्हणजे कापणी झाल्यावर शेतात राहिलेले दाणे वेचणं. पाच अक्षरांत केवढं काय काय आहे, आणि तुमच्या उत्तरात ते स्वल्पविराम देऊन एका ओळीत संपतं.

ह्यावरून गॅलिलिओ आठवला. १६१० साली त्याने शोध लावला पण लगेच सांगायचा नव्हता, म्हणून लॅटिन वाक्याची अक्षरं उलटसुलट करून पाठवली. केप्लर ह्या त्याच काळातल्या खगोलशास्त्रज्ञाने ती जुळवत बसून मंगळाला दोन जोडीदार आहेत असा अर्थ काढला. गॅलिलिओला म्हणायचं होतं शनीबद्दल, की सर्वात वरचा ग्रह मला तिहेरी दिसला. (ती कडी होती हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं.) मजा म्हणजे मंगळाला खरंच दोन चंद्र आहेत हे १८७७ मध्ये सापडलं. पण केप्लरचं उत्तर चुकलं ते चुकलंच, एवढा मोठा माणूस आणि अक्षरांनी त्यालासुद्धा चकवलं.

आता दुसरा मुद्दा, हा जरा भांडणाचा आहे. गेल्या वेळची अक्षरं ए, ई, एल, एस, टी. तुमची उत्तरं पाच: लीस्ट, स्लेट, स्टेल, स्टील म्हणजे चोरणं, आणि टेल्स. अहो अजून आहेत. टील्स राहिले, टील म्हणजे छोटं बदक, त्या निळ्या-हिरव्या रंगाला टील म्हणतात ते ह्या बदकावरूनच. स्टीला राहिला, म्हणजे मजकूर किंवा चित्रं कोरलेला उभा दगड. आणि भाचीने टेस्ला लिहिलं होतं, मी म्हटलं माणसाचं नाव चालत नाही, खोड, तिने रडवेलं तोंड करून खोडलं, आणि नंतर डिक्शनरीत बघतो तर ते चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक, चांगला रीतसर शब्द. माझी पार गेली. पाच वेगळी अक्षरं १२० प्रकारे मांडता येतात, त्यातून आठ शब्द काढणं म्हणजे खायचं काम नाही, आणि उत्तरात पाचच दिसले की मुलांना वाटतं आपले तीन चुकले.

मराठीत हा खेळ का जमत नाही असं भाचीने विचारलं, तर जमतो पण थोडाच. दगडचं गडद होतं, मगरचं गरम, मरणचं चक्क रमण. पण काना-मात्रा आल्या की त्या अक्षराला चिकटून बसतात, सुट्या होत नाहीत, म्हणून आपले शब्द इतके फिरत नाहीत. आणि मी हे पत्र मराठीत लिहितोय तर हार्ट आणि अर्थ, म्हणजे पृथ्वीवाला अर्थ, ह्यांची अक्षरं एकच आहेत हे कागदावर दिसतच नाहीये, ते इंग्लिशमध्ये लिहून बघावं लागेल.

तर मागणं दोनच. उत्तरात शब्दापुढे मराठीत अर्थ द्या, जागा नसेल तर ती फॉरवर्डवाली चौकट काढा, भरपूर जागा होईल. आणि टेस्लाची दुरुस्ती छापा, घरात मला ती दाखवायची आहे.

आपला,
पेन्सिलवाला एक वाचक

ता.क. इलेव्हन प्लस टू ह्याची अक्षरं फिरवून ट्वेल्व्ह प्लस वन होतं, बेरीज दोन्हीकडे १३ आणि इंग्लिशमध्ये अक्षरंही १३. हे भाचीने शोधलं असं ती म्हणते, मला शंका आहे, पण टेस्लानंतर मी काही बोलत नाही.