बाल्यास, पत्रिकेच्या निमित्तानं

नागपूर

प्रिय बाल्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या देशील, दे. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. आता कामाचं वाच.

पोट्टीचं लग्न ठरलं, मे महिन्यात. लव्ह मॅरेज. पोरगा चांगला आहे, तर्रीशिवाय पोहे खातो एवढाच दोष. आणि ही म्हणून राहिली, "बाबा, पत्रिकेवर तुमचा हायकू पाहिजे. प्रेमावरचा." मला बे! ज्यानं जन्मभर या तीन जपानी ओळींत कूलर आणि उकाड्यावर लिहिलं!

काल गच्चीवर वही घेऊन बसलो. प्रेम, सोबत, साताजन्माचं असले शब्द आले की ओळ तिथंच मरते. त्या जपानी हायकूवाल्या बाशोनं 1686 मध्ये जुन्या तळ्यात बेडूक सोडला, पाण्याचा आवाज ऐकवला आणि गप्प बसला. पत्रिकेला गप्प बसून कसं चालेल? शेवटी आलं ते हे:

खुंटीला स्कुटीची चावी
आता संध्याकाळी
वाट कुणाची पाहावी

हे छापलं तर व्याही विचारतील, लग्न आहे की तेरवी? खरी भानगड हीच आहे राजा. लिहायला बसलो की त्या दोघांचं काही सुचत नाही, आमचं घर रिकामं होऊन राहिलं तेवढंच सुचतं.

तू आतापर्यंत बोटांवर ओळींची अक्षरं मोजली असशील, पाच-सात-पाच. यावरूनच फुटाळा तलावावर आपलं बोलणं बंद झालं होतं. अजूनही सांगतो, जपानी लोक ध्वनी मोजतात, त्यांच्यात सुटा 'न्'सुद्धा एक धरतात. आपल्या जोडाक्षरांचं काय करशील? शिरीष पैंनी हायकू मराठीत आणला तो मोजणीत न अडकता, दोन ओळींचं यमक सांभाळून. अत्र्यांच्या लेकीशी वाद घालायची तुझी टाप आहे का?

जुन्या वहीत एक सापडला:

दुपारी लाइट जाते
झोपेतच ती
पुठ्ठ्यानं मला वारा घालते

प्रेमावरचा माझ्याकडे एवढाच. हिला दाखवला तर म्हणाली, "पत्रिकेवर माझी झोप कशाला?" पोट्टी मात्र वाचून काही बोलली नाही, वही घेऊन आत गेली. आता यातून काय समजायचं, तूच सांग.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार. नातवाचा फोटो पाहिला, नाक तुझंच आलं, बिचारा.

छापखानेवाला सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला. तीन ओळी पाठव. मोजूनच पाठवशील, माहीत आहे. पाठव.

तुझा,
दिल्या