टायबरच्या काठावरून

रोम, 13 जुलै

ती. अप्पांना,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोन ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, "आपल्या माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात एवढ्या लांब इटलीत कशाला जाऊन मेला गं?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आठवडाभर तोच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून आज सवडीने लिहायला बसले.

माझ्या खोलीपासून टायबर नदी जवळच आहे. संध्याकाळी काठाकाठाने चालत गेलं की जाकोमो मात्तेओत्तीचं स्मारक लागतं. हा समाजवादी खासदार. 30 मे 1924 ला भर संसदेत उभा राहून त्याने सांगितलं की ही निवडणूक मारहाण करून, धाक घालून जिंकलेली आहे, ती रद्द करा. समोरून आरडाओरडा चालू होता, तरी बोलायचा थांबला नाही. 10 जूनला याच रस्त्यावर मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाच्या गुंडांनी त्याला गाडीत कोंबलं आणि मारून टाकलं. प्रेत सापडलं ते ऑगस्टमध्ये, शहराबाहेरच्या रानात.

सगळा देश हादरला होता. राजाने तेव्हा मनावर घेतलं असतं तर मुसोलिनीला घरी बसवता आलं असतं. पण हाच राजा 1922 साली फॅसिस्टांच्या झुंडी रोमवर चालून आल्या तेव्हा आणीबाणीच्या हुकमावर सही करायला तयार झाला नव्हता. उलट त्याने मुसोलिनीलाच पंतप्रधान केलं. याही वेळी तो गप्प राहिला. 3 जानेवारी 1925 ला मुसोलिनीने संसदेत छातीठोकपणे सांगून टाकलं की जे काही झालं त्याची जबाबदारी माझी. कुणी त्याच्या केसालाही धक्का लावला नाही. पुढे दोन वर्षांच्या आत विरोधी पक्ष, वर्तमानपत्रं, कामगार संघटना, सगळ्यांना टाळं लागलं. अप्पा, मला वाटतं युद्धाची पेरणी तिथेच झाली. त्याला "हे करू नका" म्हणणारं माणूसच देशात उरलं नाही.

माझ्या घरमालकीणबाईंनी परवा कपाटातून एक डबी काढून माझ्या हातावर ठेवली. आत त्यांच्या आईची अंगठी होती, साधी पोलादी, काळपट पडलेली. आतल्या बाजूला बारीक अक्षरं कोरलेली: 'सोनं मातृभूमीला', आणि पुढे 18 नोव्हेंबर, वर्ष 14. वर्ष 14 म्हणजे फॅसिस्ट राजवटीचं चौदावं. त्यांनी कालगणनाही आपल्यापासून सुरू केली होती. 1935 च्या ऑक्टोबरात इटलीने इथिओपियावर चढाई केली, त्यावर राष्ट्रसंघाने, म्हणजे तेव्हाच्या देशांच्या संघटनेने, 18 नोव्हेंबरपासून आर्थिक निर्बंध लावले. लगेच महिन्याभरात बायकांकडून लग्नाच्या अंगठ्या गोळा झाल्या. पहिली राणीने दिली. सोनं घेऊन बदल्यात ही पोलादी अंगठी. आईला वाचून दाखवा हे. मंगळसूत्र काढून द्यायला सांगावं, आणि तेही दुसऱ्याचा देश गिळण्यासाठी, तसं झालं. मी ती अंगठी बोटात घालून पाहिली नाही. मन झालं नाही.

त्या निर्बंधांत तेल नव्हतंच. सुएझ कालवाही इंग्रजांनी उघडा ठेवला, इटलीची जहाजं सैन्य घेऊन तिथूनच गेली. इथिओपियाच्या लोकांवर विषारी वायू सोडला गेला. सम्राट हैले सेलासी जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे जाऊन बोलले, पण तोवर अदिस अबाबा पडलं होतं. हिटलर हे सगळं पाहत होता. मार्च 1936 मध्ये त्याने ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे जर्मनीच्याच पण फौज ठेवायला बंदी असलेल्या भागात, फौज घुसवली, कुणी अडवलं नाही. मग दोघांनी मिळून स्पेनमध्ये बंडखोर सेनापती फ्रँकोला रसद पुरवली. 1938 ला ऑस्ट्रिया गेला, म्युनिकला चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरला दिला गेला, 1939 च्या मार्चमध्ये प्राग. 1 सप्टेंबरला पोलंडवर हल्ला, आणि मग इंग्लंड-फ्रान्सला उतरावंच लागलं. आपल्या देशाच्या वतीने व्हाइसरॉयने युद्ध पुकारलं, आपल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता.

मुसोलिनीने सज्जावरून युद्ध जाहीर केलं तो दिवस 10 जून 1940. मात्तेओत्तीला पळवलं त्याला बरोबर सोळा वर्षं झाली होती.

आणि घाडगे. तिसऱ्या बटालियनचा नाईक, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, वय 22. तोवर मुसोलिनी पडला होता, इटलीने शरणागती पत्करली होती, पण जर्मन फौजा डोंगराडोंगरात ठाण मांडून होत्या. 10 जुलै 1944 ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला, तो सोडून बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. तो एकटाच धावून गेला. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीत पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, तर ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारलं. मग दडून बसलेल्यांच्या गोळ्या त्याला लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

नदी तीच आहे, अप्पा. वर जिथे आपला पोरगा पडला तिथलंच पाणी माझ्या घराजवळून वाहतं. परवा 10 तारखेला मी पुलावर बराच वेळ उभी होते.

त्याची कबर नाही. कॅसिनो गावातल्या युद्धस्मारकावर नाव कोरलंय. ऑगस्टमध्ये सुट्टी आहे, आगगाडीने तिकडे जाऊन येणार आहे, फोटो पाठवते. तुम्ही माणगावला बाजाराला जाल तेव्हा त्याच्या पुतळ्याखाली काय लिहिलंय ते शब्दन् शब्द उतरवून कळवा. घरमालकीणबाईंनी विचारलंय, त्यांना इटालियनमध्ये करून सांगायचंय.

आईचा गुडघा कसा आहे ते लिहा.

तुमची,
माई