टेरी वोगन यांची एका वाक्यात बोळवण नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरोपातील देशांमध्ये दरवर्षी होणाऱ्या युरोव्हिजन गीतस्पर्धेवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. स्पर्धेचा इतिहास त्यात नेटका मांडला आहे. परंतु बीबीसीचे समालोचक सर टेरी वोगन यांची ‘स्पर्धेची टर उडवणारा निवेदक’ अशा एका वाक्यात केलेली बोळवण मला खटकली. बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहून त्यांना ऐकत आलेली वाचक म्हणून त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

वोगन यांचा जन्म १९३८ सालचा, आयर्लंडमधील लिमरिकचा. बँकेतील नोकरी सोडून ते आयरिश रेडिओवर निवेदक झाले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बीबीसीवर ऐकू येऊ लागले. बीबीसीच्या रेडिओ टू या वाहिनीवरचा सकाळचा कार्यक्रम त्यांनी १९७२ ते १९८४ आणि पुन्हा १९९३ ते २००९ असा दोन खेपांत केला; दुसऱ्या खेपेत श्रोत्यांची संख्या ८० लाखांच्या घरात गेली होती. पहिल्या खेपेचा काळ मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. १९७४ साली बर्मिंगहॅममधील दोन पबांत बॉम्बस्फोट होऊन २१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यामागे आयआरए ही आयरिश सशस्त्र संघटना असल्याचे मानले गेले आणि ब्रिटनमधल्या साध्यासुध्या आयरिश माणसाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. त्या दिवसांतही आयरिश हेल लपवण्याचा प्रयत्न न करता हा माणूस रोज सकाळी इंग्रजांच्या स्वयंपाकघरांत हक्काने बोलत राहिला. परक्या देशात तोंड उघडताच उच्चारांवरून ओळखले जाणे काय असते, हे आम्हा स्थलांतरितांना वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच या गोष्टीचे मोल मला त्यांच्या सगळ्या विनोदांहून अधिक वाटते.

त्यांच्या बोलण्याला भाषणाचा वास नसे. श्रोत्यांनी गमतीदार टोपणनावे घेऊन धाडलेला मजकूर वाचता वाचता त्यांना स्वतःलाच हसू आवरेनासे होई, वाक्य अर्धवट राही, आणि ऐकणाऱ्याला वाटे की हे आपल्या एकट्याशीच चालले आहे. हीच रीत त्यांनी युरोव्हिजनमध्ये नेली. सत्तरच्या दशकात त्यांनी या स्पर्धेचे समालोचन रेडिओ व दूरचित्रवाणी अशा दोन्हींवर केले होते, आणि १९८० पासून २००८ पर्यंत तर दूरचित्रवाणीवर ते सलग केले. समालोचकाला दोन गाण्यांच्या मध्ये जेमतेम अर्धापाऊण मिनिट मिळते. तेवढ्यात देश, गायक आणि गाणे यांची ओळख करून देऊन वर प्रेक्षकाला गालातल्या गालात हसवणे, हे येरागबाळ्याचे काम नाही. प्रत्येक देशाने इतर देशांना दिलेले गुण जाहीर होताना ग्रीसचे सर्वाधिक म्हणजे बारा गुण सायप्रसला आणि सायप्रसचे ग्रीसला जाणार हे ते आधीच सांगून टाकत, आणि हा ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’चा प्रकार घराघरांत वर्षानुवर्षे ठरलेल्या मौजेचा भाग होऊन बसला होता.

त्यांचे सगळेच चिमटे योग्य होते, असे माझे म्हणणे नाही. २००१ साली कोपनहेगनमध्ये सगळे निवेदन यमकांत करणाऱ्या यजमान जोडीला त्यांनी ‘डॉक्टर डेथ’ (मृत्यूचा डॉक्टर) आणि ‘टूथ फेअरी’ (दातांची परी) म्हटले. डेन्मार्कमधील लोक त्यावर रागावले आणि त्यांचा राग रास्त होता. ही स्पर्धा गंभीरपणे घेण्याजोगी नाही, अशी समजूत ब्रिटनमध्ये रुजण्यासही त्यांच्या समालोचनाचा थोडाफार हातभार लागला असावा. परंतु ज्याला गाण्यांची पर्वा नाही तो माणूस दरवर्षी तितक्याच उत्सुकतेने समालोचनाला बसत नाही. २००८ साली बेलग्रेडमध्ये ब्रिटनला अवघे १४ गुण मिळून शेवटचे स्थान मिळाले. शेजारी देशांनी एकमेकांनाच मते देण्याच्या पंक्तिप्रपंचात ही आता गाण्यांची स्पर्धा उरलेली नाही, असे स्पष्टपणे सांगून ते या कामातून बाजूला झाले. सगळा दोष पूर्व युरोपच्या मतदानावर टाकणे मला पटत नाही, कारण ब्रिटनने त्या काळात पाठवलेली गाणीही बेताचीच होती. मात्र मूळ तक्रारीत तथ्य होते, आणि आपल्या लेखात नेमके तेच आलेले नाही. लगेच पुढच्या वर्षी, २००९ साली, अंतिम फेरीत प्रेक्षकांच्या मतांच्या जोडीला परीक्षक मंडळांचे निम्मे गुण पुन्हा धरले जाऊ लागले. आणि चांगले गाणे नीट तयारीने पाठवले तर काय होते, हे २०२२ साली ट्यूरिनमध्ये ब्रिटनचे गायक सॅम रायडर यांनी ४६६ गुणांसह दुसरे स्थान मिळवून दाखवले.

आठवड्यातून तीन संध्याकाळी होणाऱ्या त्यांच्या मुलाखतींच्या कार्यक्रमाविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. पण वंचित मुलांसाठी निधी जमवणाऱ्या ‘चिल्ड्रेन इन नीड’चे निवेदन त्यांनी १९८० च्या पहिल्या प्रक्षेपणापासून २०१४ पर्यंत केले, याचा उल्लेख टाळता येण्यासारखा नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याविषयी हळहळणाऱ्यांत या कार्यक्रमाशी जोडलेले असंख्य लोक होते. आपल्या पुरवणीत या स्पर्धेवर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा वोगन यांच्या कारकिर्दीला निदान एक परिच्छेद द्यावा, ही विनंती.

आपली,
एक मराठी वाचक, लेस्टर, इंग्लंड