बियावोव्येझाच्या अरण्यातून आल्यावर

वॉर्सा,
१५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप नानांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळाले. देवराईतली वठलेली झाडे काढून त्या जागेवर सभामंडप वाढवावा, असा ठराव ग्रामसभेपुढे येणार आहे आणि ‘मेलेली झाडे ठेवून करायचे काय’ या प्रश्नाला लोकांना पटेल असे उत्तर तुम्हांला सापडत नाही, हे वाचल्यापासून माझे मन त्यातच अडकले होते. गेल्या शुक्रवारी मी चार दिवसांची रजा घेऊन ज्या अरण्यात गेले, तिथे नेमका हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी साऱ्या देशात गाजला आणि शेवटी युरोपीय संघाच्या न्यायालयात गेला. त्यामुळे हे पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे. डोळ्यांना त्रास होत असेल, तर आईकडून दोन बैठकींत वाचून घ्या.

हाइनुफ्का हा पोलंडच्या पूर्व टोकाचा, बेलारूसच्या सीमेला लागून असलेला भाग. इथले लोक त्याला जिल्हा म्हणतात. आपल्या हिशेबाने तो तालुकाच ठरेल. वॉर्साहून ब्याविस्तोकपर्यंत मी रेल्वेने आणि तिथून पुढे बसने गेले. बियावोव्येझाचे अरण्य याच भागात आहे. पोलंड आणि बेलारूस मिळून त्याचा विस्तार सुमारे १,५०० चौरस किलोमीटर असून मोठा हिस्सा बेलारूसकडे आहे. युरोपच्या सपाट प्रदेशातली बाकीची प्राचीन जंगले शेतीसाठी तोडली गेली, तरी हे टिकले, कारण ते आधी पोलंडच्या राजांचे आणि पुढे रशियाच्या झारांचे शिकारीचे राखीव रान होते. आपले दाजीपूर कोल्हापूरच्या महाराजांनी शिकारीसाठी राखले म्हणून वाचले, असे तुम्ही नेहमी सांगत आला आहात. तीच गोष्ट इथे कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे.

या अरण्याचा गाभा १९२१ पासून संरक्षित आहे आणि १९७९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. गाभ्यात परवानाधारक वाटाड्याबरोबरच जाता येते आणि ठरलेली पायवाट सोडता येत नाही. आम्ही पाच जण सकाळी सातला लाकडी फाटकातून आत गेलो. पहिल्या शंभर पावलांत माझी नजर वर, ओकच्या शेंड्यांकडे होती. नंतर मात्र ती जमिनीवर आली आणि तिथेच राहिली, कारण जिकडे पाहावे तिकडे आडवी झाडे होती. काही कालपरवाच्या वाऱ्याने पडल्यासारखी, काही सालीचा मागमूसही न उरलेली, तर काही इतकी जुनी की शेवाळाच्या लांबट उंचवट्यावरूनच खाली खोड असल्याचे कळावे. पायवाटेवर आडवे आलेले झाडसुद्धा फक्त माणूस जाईल इतकेच कापून बाकीचे जागेवर ठेवलेले होते.

एका पडलेल्या स्प्रूसजवळ (हे इथले सूचिपर्णी झाड) वाटाड्याने आम्हांला थांबवले आणि खोडाला हात लावून पाहायला सांगितले. मी अंगठा दाबला, तर तो गुरांसाठी भिजत घातलेल्या पेंडीत रुतावा तसा पेरभर आत गेला आणि कडेने थंड पाणी झिरपले. आठ दिवस पाऊस नसताना त्या खोडात पाणी होते. खोडाच्या पाठीवर वीतभर उंचीची स्प्रूसची रोपे एका रांगेत उभी होती, जणू कोणी दोरी धरून लावली असावीत. खाली जमिनीवर गवत आणि पाला इतका दाट की तिथे पडलेले बी गुदमरते. पडलेल्या खोडावर मात्र त्याला उजेड, ओल आणि जागा मिळते. पुढे कित्येक वर्षांनी ते खोड पूर्ण मातीत मिसळले, तरी वरची झाडे सरळ रेषेत उभी दिसतात आणि त्या रेषेवरून जुन्या झाडाची जागा ओळखता येते. शेजारच्या उभ्या वठलेल्या बर्चवर घोड्याच्या खुरासारखी टणक अळंबी एकावर एक लागली होती आणि वर कुठेतरी सुतार पक्षी सालीखालच्या अळ्यांसाठी ठोकत होता. मेलेल्या लाकडावर जगणारे असे सुतार, भुंगेरे आणि अळंबी या अरण्यात अजून मुबलक आहेत, कारण त्यांचे अन्न कोणी उचलून नेत नाही.

आता त्या वादाविषयी लिहिते. स्प्रूसची साल पोखरणारा एक भुंगेरा आहे. उन्हाळे कोरडे गेले की झाडे दुबळी होतात आणि भुंगेऱ्याचे फावते. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याने इथली असंख्य झाडे वाळवली, तेव्हा २०१६ मध्ये सरकारने राष्ट्रीय उद्यानाबाहेरच्या भागात तोड वाढवायला मान्यता दिली. कीड पसरू नये आणि रस्त्यावर झाडे पडून माणसे मरू नयेत, हा त्यामागचा युक्तिवाद होता आणि रस्त्याकडेच्या झाडांपुरता तो मला खराही वाटतो. परंतु यंत्रे आत शिरली, तेव्हा शंभर वर्षांहून जुने वृक्षही त्यांनी सोडले नाहीत. लोक यंत्रांपुढे उभे राहिले. एप्रिल २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ही तोड बेकायदेशीर ठरवली. स्प्रूस वाळल्यावर जिथे काहीच केले नाही, ती जागाही मी पाहिली. उभ्या सांगाड्यांखाली हॉर्नबीम आणि ओकची कोवळी झाडे माझ्या खांद्याला लागत होती. ती कोणी लावलेली नाहीत.

बियावोव्येझा गावातल्या जुन्या उद्यानात, तळ्याकाठी, वालुकाश्माचा एक स्तंभ आहे. राजा तिसरा ऑगस्ट १७५२ च्या सप्टेंबरात इथे शिकारीला आला होता, त्याची ही आठवण. स्तंभावर पोलिश आणि जर्मन भाषांत शिकारीची यादी कोरलेली आहे आणि तीत एका दिवसात मारलेले ४२ झुब्र आहेत. झुब्र म्हणजे युरोपातला रानगवा. पुढे झारने जवळच्या टेकडीवर मोठा राजवाडा बांधला. तो १९४४ मध्ये जळाला, अवशेषही नंतर पाडले गेले आणि आता विटांची वेस तेवढी शिल्लक आहे. जवळच्या सेंट निकोलसच्या चर्चमध्ये संतांच्या चित्रांची भिंत चिनी मातीची आहे. दिव्यांच्या उजेडात ती एखाद्या जपून ठेवलेल्या जुन्या बशीसारखी चमकते. राजवाड्याचे मला विशेष दुःख झाले नाही. त्या स्तंभापुढून मात्र पाय निघेना, कारण पुढची हकीकत मला ठाऊक होती.

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने हे अरण्य ताब्यात घेतले, लाकूड वाहून नेण्यासाठी आत छोट्या रुळांची रेल्वे टाकली आणि उपाशी सैनिकांनी व चोरट्यांनी झुब्र मारून खाल्ले. इथला शेवटचा मुक्त झुब्र १९१९ मध्ये मारला गेला आणि १९२७ मध्ये कॉकेशसमधला शेवटचाही गेला. मुक्त रानात एकही उरला नाही. निरनिराळ्या देशांतल्या प्राणिसंग्रहालयांत जे थोडे होते, त्यांतल्या अवघ्या १२ जनावरांपासून आजचा सगळा वंश आला आहे. १९२९ मध्ये या वंशातले काही इथे कुंपणात आणले आणि १९५२ मध्ये पहिले झुब्र पुन्हा मोकळ्या रानात सोडले. प्रत्येक जनावराची नोंद वंशावळीच्या वहीत ठेवली गेली आणि इथल्या पैदास केंद्रात जन्मलेल्यांची नावे ‘पो’ या अक्षराने सुरू करण्याची रीत पडली. आज अरण्याच्या पोलिश बाजूला सातशेहून अधिक झुब्र आहेत.

शनिवारी पहाटे मला त्यांतले सहा दिसले. गावाबाहेरच्या कुरणावर धुके होते आणि त्यातून आधी फक्त खांदे वर आले. दाजीपूरचा गवा काळा, तुकतुकीत आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. हा तपकिरी, लोकरीचा, हनुवटीखाली दाढी असलेला, पुढून भारदस्त आणि मागून सडसडीत. एक मादी आमच्याकडे तोंड करून बराच वेळ उभी होती आणि तिच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. तुम्ही मला सातवीत असताना सड्यावर गवा दाखवलात, तेव्हा हात घट्ट धरून ‘हलू नको’ म्हणाला होतात. मी तशीच उभी राहिले.

रविवारी मी अरण्य सोडून नारेव नदीकडच्या खेड्यांत गेले. त्शेश्च्यान्का, सोत्से आणि पुख्वी ही तीन गावे ‘उघड्या झडपांचा मुलूख’ म्हणून ओळखली जातात. घरे लाकडी, खिडक्यांच्या वर आणि घराच्या कोपऱ्यांवर नक्षीच्या फळ्या, झडपा निळ्या, हिरव्या, पिवळ्या. त्शेश्च्यान्काचे चर्च हिरवे, पुख्वीचे निळे. दोन दिवसांवर पुख्वीच्या देवीमातेचा सण आला होता, म्हणून बायका पितळी समया घासत बसल्या होत्या. मला तर आपल्या देवळातलीच सकाळ वाटली. इथले बहुतेक लोक ऑर्थोडॉक्स पंथाचे आहेत आणि त्यांची बोली पोलिशहून वेगळी आहे. कोणती भाषा बोलता, असे विचारले, तर ते ‘पो स्वोयोमु’ म्हणतात, म्हणजे ‘आपली’.

सोत्सेत एका आजींनी मला अंगणात बोलावून सफरचंदे दिली. त्यांच्या खिडकीच्या झडपेवर रंगाचे थर इतके होते की टवका उडालेल्या जागी आतला हिरवा, त्याखालचा पांढरा आणि तळाचे करडे लाकूड असे तिन्ही दिसत होते. गल्लीतली निम्मी घरे बंद होती. १९१५ मध्ये रशियन सैन्य माघारी जाताना या भागातली गावेच्या गावे गाड्यांत सामान भरून पूर्वेला निघाली. परतलेल्यांना आपली जमीन रान माजलेली आढळली आणि कित्येक जण परतलेच नाहीत. तरीही त्यांनी पुन्हा घरे उभारली आणि त्यांवर अशी नक्षी केली. आता मुले शहरात आहेत. विजेच्या खांबांवरची करकोच्यांची घरटीही या दिवसांत रिकामी असतात, कारण ते आफ्रिकेला गेलेले असतात. ते एप्रिलच्या सुमारास परततात, असे आजींनी मला दोनदा सांगितले.

नाना, तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट. १९३९ मध्ये हा प्रदेश सोव्हिएत सैन्याच्या हाती गेला आणि १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पूर्व पोलंडमधल्या वनरक्षकांची आणि वसाहतकारांची कुटुंबे मालगाड्यांत घालून सायबेरियाकडे पाठवली गेली. बियावोव्येझाची कुटुंबेही त्यांत होती. अशाच हद्दपार लोकांपैकी काही जण पुढे इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार जण राहिले. लहानपणी वळिवड्याला जी गोरी, अनवाणी मुले पाहिल्याचे तुम्ही सांगता, त्यांत कोणी या अरण्याच्या काठचे होते का, हे मी सांगू शकत नाही. पण असावे, असे मला मनापासून वाटते.

आता ठरावाविषयी. सभामंडपाला माझा विरोध नाही; तो शाळेच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे वाढवता येईल का, हे बाबांना मोजून पाहायला सांगा. देवराईतली काटकीही घरी न्यायची नाही, ही आपली जुनी रीत निव्वळ भीतीपोटी पडली नव्हती, एवढे मी त्या खोडात अंगठा रुतल्यापासून खात्रीने म्हणू शकते. झऱ्याच्या वरच्या अंगाला जो मोठा हिरडा चार वर्षांपासून आडवा पडला आहे, त्याच्या खोडावर आणि आजूबाजूला काय काय उगवले आहे, याचे फोटो ताईच्या मुलाकडून जवळून काढून घ्या. मी इथले फोटो मोठे छापून पाठवत आहे. दोन्ही शेजारी ठेवून ग्रामसभेत दाखवता येतील. सभेची तारीख ठरली की लगेच फोन करा, म्हणजे त्या वेळी मलाही फोनवरून बोलता येईल.

आईला आणि बाबांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. थंडी सुरू होईल, गुडघ्यांना जपा.

तुमची,
नात