ओटा सोमवारी होणार

तीर्थस्वरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोन मीच आधी ठेवला, चुकलं माझं. पण मिस्त्रीला आगाऊ पैसे देऊन झालेत. तो सोमवारी येणार आणि आईच्या गुडघ्यांसाठी ओटा घालायला चुलीजवळचा कोपरा फोडणार म्हणजे फोडणारच. "तीस वर्षं खाली बसूनच थापल्यात की, आता ह्या वयात खुर्चीवर बसून भाकरी?" असं तू विचारलंस, आई. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या काळजीचं सांगते. भाकरी बिघडणार नाही. ओटा उभ्यानं काम करायचा नाहीच, बुटका आहे. शेगडी त्यात खाली बसवायची, म्हणजे तवा आत्ता जसा समोर असतो तसाच राहील. काटवट तुझीच. शेकायला उभ्या केलेल्या भाकऱ्यांसाठी भिंतीकडून हातभर जागा सोडायला सांगितली आहे. कडक भाकरीची गिऱ्हाइकं कुठे जात नाहीत. फक्त मांडी घालून बसणं आणि दर दहा मिनिटांनी हातावर जोर देऊन उठणं बंद.

तू मागे हसत म्हणाली होतीस, "गुडघ्यांचंच शिकतीस आणि आईच्या गुडघ्याला औषध न्हाई होय?" हसत म्हणालीस, पण लागलं गं. कारण खरंच नाही. निदान झीज थांबवणारं असं अजून कुणाकडेच नाही.

बाबा, तुम्ही माग चालवलाय, तुम्हाला हे लवकर कळेल. हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते, ती म्हणजे एक विणकामच. कोलॅजेनचे धागे, आणि त्यांच्या मधे पाणी धरून ठेवणारा ॲग्रिकॅन नावाचा भराव. ह्या विणकामात मोजकेच विणकर, म्हणजे पेशी, अडकून बसलेले असतात. तिथे रक्तवाहिनी नाही, त्यामुळे खाणंपिणंही लांबून झिरपत येतं. धागा विणणारी पेशी तीच आणि कात्री, म्हणजे धागा कापणारं विकर, तेही तिच्याकडेच. जुनं, खराब झालेलं थोडं कापायचं, नवं घालायचं, असं आयुष्यभर चालतं. कात्र्यांवर टोपण घालणारे रेणूही शरीर स्वतःच बनवतं.

बिघडतं ते पेशीवर ताण आला की. अवजड भार, सूज, वय, काहीही असो. पेशीच्या आत प्रथिनांच्या घड्या घालणारा एक कारखाना असतो. ताणात तिथे चुकीच्या घड्यांचा ढीग साचतो. सणाच्या ऑर्डरीत तुमच्या कारखान्यात सदोष चादरींचा साचायचा ना, तसाच. आधी पेशी काम कमी करून ढीग उपसायला बघते. ताण हटलाच नाही, तर तिच्यातली धोक्याची बटणं दाबली जातात आणि ती धागा सोडून कात्र्याच बनवू लागते. ह्या कात्र्यांच्या एका घराण्याला एमएमपी म्हणतात. त्यातली एक एमएमपी-१३, ती कोलॅजेनचा मुख्य धागाच कापते. भराव कापणाऱ्या वेगळ्या. कापलेले तुकडे सांध्यात तरंगतात आणि उरलेल्या पेशींना आणखी चिथावतात. भराव थोडाफार परत भरता येतो. कोलॅजेनची जाळी एकदा फाटली की मोठ्या माणसात ती पहिल्यासारखी विणली जात नाही.

(एमएमपीच्या कात्रीची धार जस्ताच्या अणूवर असते. बाबा, तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते: ह्यासाठी खाण्यातलं जस्त कमी करायचं नसतं आणि वाढवायचंही नसतं.)

मग कात्रीच बंद करा की! केलं होतं. १९९० च्या दशकात कर्करोगासाठी सगळ्या एमएमपी एकदम बोथट करणारी औषधं माणसांना देऊन पाहिली, तर लोकांचे सांधेच दुखायला आणि आखडायला लागले. ह्या कात्र्या शरीराला लागतातही. १९६२ साली कोलॅजेन कापणारं हे विकर पहिल्यांदा सापडलं, तेच बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. कापणारं कुणी नसतं तर ती शेपूट विरलीच नसती. हे शिकले त्या दिवशी मला हिप्परग्याचा तलाव आठवला. बाबा, तुमची पाळी संपली की सायकलच्या नळीवर बसवून न्यायचात, काचेच्या बरणीत पिल्लं धरून द्यायचात. मी रोज शेपूट कुणाची गेली ते मोजायचे आणि आई ओरडायची, "बरणी माझ्या लोणच्याची हाय!"

इथे आमच्या प्रयोगशाळेत ज्या पेशी येतात, त्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या गुडघ्यांतल्या, त्या लोकांच्या परवानगीनं. डबीवर नाव नसतं, फक्त वय आणि बाई की पुरुष. "६३, स्त्री" असं लिहिलेली डबी आली की मी ती दुसऱ्या कुणाला देते. हे तुला सांगणार नव्हते.

अजून एक. इथली दोन वर्षं वाढवून मिळाली आणि मी सही केली. सोलापूरच्या कॉलेजातल्या त्या जागेला नकार कळवला. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही "कर की" म्हणाला असतात आणि रात्रभर दोघंही जागे राहिला असतात. हुतात्मा एक्सप्रेस आहेच की, चार तासांत दारात उभी राहीन. गड्ड्याच्या जत्रेला नक्की येते.

औषध माझ्या हातात नाही, पेशीवरचा ताण कमी करणं थोडंफार आहे. म्हणून ओटा. म्हणून तुमची गादी खालच्या खोलीत आणि संडासात कमोड. पाण्याच्या पाळीला आईनं घागर घेऊन जिना चढायचा नाही. मोटार लावा, विजेचं बिल मी भरते.

आणि आई, बसूनही राहायचं नाही. दाबलं-सोडलं की कूर्चेत पोषण जातं, म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चालायचं. जुन्या चादरीची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा. वजनाचं मी बोलणार नव्हते. पण एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलोंचा भार उतरतो, हे २००५ साली लोकांना चालवून मोजलेलं आहे. भाकरी सोडू नकोस, शेंगाचटणीवर तेल कमी घे. बाबा, मेडिकलमधून वेदनाशामक परस्पर आणून तिला देणं आजपासून बंद. तिचं बीपी आणि किडनी दोन्ही बघायला हवं, आधी डॉक्टरांना विचारा. एखादा गुडघा अचानक लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर माझ्या फोनची वाट बघू नका.

आजीचा पाट मिस्त्रीला देऊन टाकू नका. मी आले की त्यावर बसून जेवणार, माझे गुडघे अजून शाबूत आहेत.

तुमची,
बबी

ता. क. बाबा, ओट्याची उंची २६ इंच सांगितली आहे, पण आधी आईला खुर्चीवर बसवून कोपरापर्यंत टेपनं मोजा. वितीनं नको. मागच्या वेळचं कपाट अजून दारातून आत गेलेलं नाही.